मित्रासाठी भरलेले ते शंभर राउंड

परवा रविवारी उपवनला चक्कर मारून घरी आलो तर भाचा माझा जुना लॅपटॉप उघडून बसला होता, त्याला शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुठलातरी फोटो हवा होता आणि शोधता शोधता त्याच्या हाताला माझं टेक्सासचं फोल्डर लागलं. त्यात एक फोटो आहे, मी गॅरेजमध्ये टेबलाशी बसलोय, समोर लांब हँडलचं लोखंडी प्रेस, बाजूला काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचा ढीग. "मामा, तू गोळ्या बनवायचास??" एवढे मोठे डोळे करून त्याने विचारलं आणि लगेच पुढचं वाक्य, "मग आम्हाला पण बनवून दे ना!"

हा पोरगा गेल्या वर्षभरापासून एअर रायफल शिकतोय. २०२४ च्या १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं ना, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कोणीतरी मोठा मुलगा रेंजवर म्हणाला असणार की पुढे पॉइंट टूटू (.२२ बोअरची रायफल) घेतली की एकेक राउंड, म्हणजे एकेक काडतूस, किती महाग पडतो वगैरे, तेच याच्या डोक्यात. मी त्याला सांगितलं की बाबा, तुझ्या एअर रायफलच्या पेलेटमध्ये दारूच नसते, पॉइंट टूटूमध्ये पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं त्यामुळे ती एकदा वापरली की संपली, आणि तिसरं म्हणजे आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, कलम पाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. त्याला पटलं. पण "तू मित्रांना बनवून द्यायचास का?" असं त्याने सहज विचारलं आणि मी काहीच बोललो नाही, चहा टाकायला उठलो. तोपर्यंत इतक्या वर्षांत हे मी नीट कोणाला सांगितलेलंच नव्हतं, बायकोला सोडून. म्हणून आज लिहितोय.

२०११ ते २०१७ मी ह्यूस्टनला होतो. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाला तिकडे बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायची कायद्याने परवानगी नाही, पण हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, ते काढून मी रेंजवर जायला लागलो. आधी पेपर टार्गेट, मग हळूहळू नाद लागला आणि ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने मला रीलोडिंग शिकवलं. तिकडे हे अगदी सर्रास चालतं, स्वतःपुरतं करायला वेगळं लायसन्स लागत नाही. झाडलेली रिकामी पुंगळी उचलायची, पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा (दिवाळीत टिकलीच्या पिस्तुलात टिकली असते ना, काम तेच, फक्त ताकद कितीतरी जास्त), मग मोजून दारू, वर गोळी दाबून बसवायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेन म्हणजे एक पाउंड, म्हणजे एक ग्रेन साधारण पासष्ट मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. आणि तराजू ग्रेनचाही दहावा भाग दाखवतो. मला ते काम मनापासून आवडायचं. रात्री जेवण झालं की गॅरेजमध्ये एकटा बसायचो, डोकं शांत व्हायचं.

आता मित्रांसाठी का केलं ते सांगतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुकच्या शाळेतला तो भयंकर प्रकार घडला, त्यानंतर बंदुकांवर कडक कायदे येणार या भीतीने लोकांनी दुकानंच्या दुकानं रिकामी केली आणि २०१३ अख्खं वर्ष काडतुसं मिळेनात. दुकानात माणशी एक किंवा दोन डबे, तेही सकाळी उघडायच्या आधी रांग लावली तर. माझ्याकडे मात्र आधीच घेऊन ठेवलेले प्रायमर आणि दारू होती. आणि आपली सवय कशी असते, घरी केलेलं चार घरी द्यायचं. आईने लोणचं घातलं की शेजारी बरणी गेलीच पाहिजे, फराळाचं ताट गेलंच पाहिजे, मी ठाण्याच्या चाळीत हेच बघत मोठा झालो. कोणी मित्र म्हणाला "यार, थोडे राउंड दे ना करून" तर नाही म्हणायचं हे मनातच येत नव्हतं, उलट बरं वाटायचं, आपल्या हातचं कोणाला तरी उपयोगी पडतंय.

मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला एक नागपूरचा मित्र होता, ग्रीन कार्डवाला, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्याकडे पॉइंट थर्टी एट स्पेशलचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं, त्याच्या ऑफिसमधल्या एका अमेरिकन काकांनी रिटायर होताना त्याला दिलेलं. त्याचा त्यावर फार जीव. दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, शंभर राउंड करून दे, आपण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रेंजवर जाऊ. मी हो म्हटलं आणि त्याच आठवड्यात एका रात्री बसलो.

माझ्या प्रेसवर खाली गोल प्लेट होती, तिच्यात एकाच वेळी पाच पुंगळ्या बसायच्या, हँडल ओढलं की प्रत्येक पुंगळीवर एकेक काम व्हायचं, आणि मग प्लेट हाताने एक घर पुढे सरकवायची. हाताने, हे महत्त्वाचं. सरकवायची विसरलात आणि पुन्हा हँडल ओढलंत तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. चुकून दोन घरं सरकवलीत तर एक पुंगळी दारूशिवायच पुढे जाते. बाकीच्या चुका डोळ्याला दिसतात, गोळी बसलीच नाही, प्रायमर उलटा बसला, ते हातात घेतल्यावर कळतं. दारूची चूक गोळी बसल्यावर आत बंद होते आणि मग बाहेरून ते राउंड दिसायला एकदम बाकीच्यांसारखंच. त्यात थर्टी एट स्पेशल हे १८९८ चं काडतूस, काळ्या दारूच्या हिशोबाने पोट मोठं ठेवलेलं. आजची दारू तिथे चिमूटभर लागते, दुप्पट पडली तरी काठाला येत नाही, सांडत नाही, काही नाही. म्हणून प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावून बघायचं आणि मगच गोळी ठेवायची, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

साधारण चाळीस-पन्नास झाले असतील आणि आईचा फोन आला ठाण्याहून. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे सकाळचे नऊ. बाबांचे रिपोर्ट आले होते, शुगर वाढली होती, ते ऐकायचंच नाही म्हणतात, असं सगळं. वीसेक मिनिटं बोललो. परत येऊन बसलो, हँडलवर हात ठेवला आणि मनात आलं, प्लेट सरकवली होती का मी? ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, तो हात, ते गार हँडल, तो प्रश्न. त्या क्षणी पाचही पुंगळ्या काढून ओतून टाकायच्या आणि नव्याने सुरू करायचं, एवढंच करायचं असतं. दोन मिनिटांचं काम. मी हँडल ओढलं, मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं म्हणून प्लेट सरकवली, पुन्हा सरकवली, आणि पुढे चालू लागलो कारण डोक्यात बाबा होते आणि पन्नास अजून बाकी होते. आत डोकावलो होतो का? आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ मला माहितीये.

स्वतःसाठी करत असतो तर मी थांबलो असतो असं मला आजही वाटतं. स्वतःसाठी रात्रीत वीस झाले तरी चालायचे. दुसऱ्याचं काम घेतलं की आकडा येतो, शंभर, आणि तारीख येते. मजा जाते आणि उरकायला लागतो माणूस.

रेंजवर त्याने पहिल्यांदा सिलेंडर (रिव्हॉल्व्हरचं गोळ्या भरायचं फिरतं चक्र) भरलं, सहा, मस्त गेले. दुसरे सहा, मस्त. मी बाजूच्या टेबलाशी माझं भरत होतो. तिसऱ्या सिलेंडरचा पहिला गेला, आणि दुसऱ्याला नुसतं "टप्" झालं. कानावर आवाज अडवणारे मफ, पलीकडे रायफली धडधडतायत, त्याला वेगळं काही जाणवलंच नाही. मला आवाजापेक्षा हाताने सांगितलं, त्याचा हात वर उचललाच गेला नाही आणि कागदावर नवीन भोक नाही. मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने पुन्हा ट्रिगर दाबला.

तिकडे याला स्क्विब म्हणतात. दारू नसली तरी एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत जाऊन अडकते. कधी कधी अर्धी सिलेंडरमध्ये अर्धी नळीत अशी अडकते, मग सिलेंडर फिरतच नाही आणि माणूस वाचतो. आमची गोळी पुढे सरकलेली होती. त्यामुळे सिलेंडर फिरलं, मागून दुसरी पूर्ण ताकदीची गोळी आली आणि पहिलीवर आदळली. लहानपणी आपल्याला सांगायचे ना, फटाका फुसका निघाला तर जवळ जाऊ नका, लांब उभे राहा. इथेही तेच, आवाज नेहमीचा आला नाही की नळी पुढच्या बाजूलाच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं, आणि त्याच्याआधी पुढचा राउंड झाडायचा नाही. त्याला हे माहीत होतं. पण त्याने नंतर मला जे सांगितलं ते माझ्या जन्मभर लक्षात राहील, म्हणाला, "दुकानातला राउंड असता तर मी थांबलो असतो. तू केलेला होता म्हणून मला शंकाच आली नाही."

नळी फुटली नाही. उसाच्या पेरावर गाठ असते ना तशी मध्येच गोल फुगली, बोट फिरवलं की हाताला लागायची. त्याचं मनगट बधिर झालं आणि दोन दिवस दुखत होतं, बाकी खरचटलंही नाही. रेंज ऑफिसर आला, सगळ्यांचं फायरिंग थांबवलं, रिव्हॉल्व्हर हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, हे रीलोड कोणाचे? मी बोलायच्या आत हा म्हणाला, "माझे."

मी तिथे गप्प राहिलो. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

त्याच रात्री उरलेले राउंड मी घरी घेऊन आलो. पंधरा गेले होते, पंच्याऐंशी शिल्लक. आता तुम्ही म्हणाल की भरलेलं राउंड तराजूवर ठेवून बघायचं, कमी-जास्त असेल ते कळेल. नाही कळत. पुंगळ्या आणि गोळ्या स्वतःच एकमेकींपासून दोन-चार ग्रेनने कमी-जास्त असतात आणि दारू मुळात तेवढीच असते, त्यामुळे दुप्पट भरलेला राउंडसुद्धा त्या फरकात लपून जातो. एकच रस्ता, प्रत्येक उघडायचा. त्यासाठी प्लॅस्टिकची पोकळ हातोडी मिळते, राउंड तिच्यात अडकवून लाकडावर आपटली की गोळी आणि दारू सुटून आत पडतात. आपट, उघड, दारू तराजूच्या वाटीत, आकडा बघ, वहीत लिही, पुढचा. बायको मध्ये एकदा येऊन कॉफी ठेवून गेली, काही बोलली नाही. एकापाठोपाठ एक बरोबर येत होते, दहाव्या हिश्शाचा फरक फार तर, आणि मला वाटायला लागलं की एक रिकामा होता तेवढाच, संपलं.

एकसष्टावा. वाटीत ओततानाच हाताला कळलं. आकडा दुप्पट.

थर्टी एटचं ठरलेलं जास्तीत जास्त प्रेशर सतरा हजार पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पाउंड). त्या राउंडने ते किती वर नेलं असतं कोण जाणे, पण ते जुनं रिव्हॉल्व्हर, त्याचा तो हात आणि तोंडापासून हातभर अंतर. सिलेंडर फुटतं तेव्हा वरची पट्टीसुद्धा उडून जाते. मी तशा वाटीसकट खाली जमिनीवर बसलो. त्याला दोन मुलं, धाकटा तेव्हा पहिलीत होता.

उरलेले चोवीस सकाळपर्यंत उघडले, ते बरोबर निघाले. मग पुढच्या आठवड्यात ज्याला ज्याला मी दिले होते त्याला फोन केले आणि परत मागून घेतले, आणि तेव्हा एकेक नवीनच कळायला लागलं. एकाने माझ्या डब्यातले काढून दुसऱ्या कंपनीच्या डब्यात ओतून ठेवलेले, माझी चिठ्ठी, दारू कुठली, किती, तारीख, सगळं कचऱ्यात. एकाने त्याच्या मेव्हण्याला निम्मे दिलेले, त्या मेव्हण्याला मी ओळखतसुद्धा नाही आणि त्याची बंदूक कुठली तेही माहीत नाही. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून सांगतो, काडतुसाचं नाव एक असलं तरी बंदूक एक नसते. फोर्टी फाइव्ह कोल्ट १८७३ पासून आहे. त्या काळातलं रिव्हॉल्व्हर आणि आजचं जाडजूड पोलादाचं रिव्हॉल्व्हर, दोन्हीत तोच राउंड बसतो, आणि लोडिंगच्या पुस्तकांत आजच्या मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी वेगळं प्रकरण असतं कारण तो डोस जुन्याला दिला तर ते फुटतं. रायफलचं तर अजून नाजूक. आपल्या रायफलला कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेलेला डोस मित्राच्या त्याच मॉडेलच्या रायफलला जास्त होऊ शकतो, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, केसभर घट्ट असतं, बस. प्रायमर चपटा होतोय का, बोल्ट उघडायला जड जातोय का, या प्रेशर वाढल्याच्या खुणा आपल्या बंदुकीत आपण बघत असतो, त्याच्याकडे ते कोण बघणार? भाच्याला मी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं, पॉइंट टूटूचे मोठे नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट घेतात, शेजारच्याच्या नळीला तो मानवेलच असं नाही.

आणि अजून एक जण होता, नुकताच आलेला पोरगा, एच-वनवर. मी त्यालाही एक डबा देऊन ठेवला होता. त्याच्याकडे हंटिंग लायसन्स नव्हतं. म्हणजे तो डबा त्याने घरी ठेवणं हाच फेडरल गुन्हा, त्याचं स्टेटस, नोकरी सगळं पणाला, आणि मला माहीत असताना मी दिला असता तर माझ्यावरही तेच. मी विचारलंच नव्हतं. दारूचे पैसे म्हणून दोघा-तिघांनी वीस-वीस डॉलर हातात ठेवले होते तेही मी घेतले होते. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे काडतुसं बनवून विकायचा धंदा करायचा तर फेडरल लायसन्स पाहिजे, आणि मैत्री कुठे संपते आणि विक्री कुठे सुरू होते हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो. बंदुकीच्या बऱ्याच कंपन्या तर मॅन्युअलमध्येच लिहितात, रीलोड वापरले तर वॉरंटी गेली.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी झाली त्यांची, आता मुलाकडे ठाण्याला असतात. भाच्याच्या त्या प्रश्नानंतर मला राहवलं नाही, मी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे माल लॉटने पुढे जायचा. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. नमुना चुकला की अख्खा लॉट अडकायचा, मग कोणी कितीही जुना कामगार असो. तुझ्याकडे भरायचं कोण?"

"मीच."

"आणि तपासायचं?"

"मीच."

"मग तपासलं कोणी?" ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते. मी त्यांच्या बाल्कनीतून खाली बघत बसलो, येऊरच्या बाजूला अंधार पडायला लागला होता.

त्यानंतर मी कोणालाही एक राउंड करून दिला नाही. नागपूरकराने रिव्हॉल्व्हरची नळी बदलून घेतली, पैसे मी दिले, त्याने दोन वेळा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतले कारण माझा चेहरा बघितला असणार. आमची मैत्री टिकली. त्याने मला एकदाही ऐकवलं नाही.

गेल्या महिन्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. मोठा मुलगा आता तेवीसचा, त्याला रायफलचा नाद लागलाय, बाप म्हणाला तू लोड करायचास ना, याला जरा मदत कर. मी म्हटलं करून देणार नाही, तिथे असतो तरी दिलं नसतं, पण शिकवतो, त्याने स्वतः करायचं, स्वतःच्या रायफलसाठी, आणि साधं एकेकाचं प्रेस घ्यायचं, प्लेटवालं नाही. मागच्या शनिवारी आम्ही बसलो, माझ्याकडे सकाळ, त्यांच्याकडे रात्र. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला, मी लॅपटॉपवर. टेबलावर दारूचा एकच डबा, कारण ४३५० हा दारूचा नंबर पुढे एच लावूनही मिळतो आणि आयएमआर लावूनही, आणि दोन्ही दारू वेगळ्या. प्रत्येक पुंगळी त्याने टॉर्चखाली धरून मला कॅमेऱ्यात दाखवली. अकराव्याला आई जेवायला हाक मारत आली तर त्याने वर बघितलं, मग त्याचं त्यानेच हातातली पुंगळी डब्यात उलटी केली, रिकामी झाली का बघितलं, आणि पुन्हा तराजूपासून सुरू केलं.

अडीच तासांत वीस झाले.